मुठीतल्या तिळांची कहाणी

ऐक सटवाई, तुझी कहाणी. आयाबायांनो, आज बाळाची पाचवी, मुठीत चिमूटभर तीळ घ्या. हुंकार द्यायचा तर ऐकून द्या. न ऐकता मान हलवणाऱ्यांसाठी ही कहाणी नाही. खरं म्हणजे त्यांच्यासाठीच आहे.

आटपाट नगर होतं. नगरात देवळं फार, देवळांत दिवे फार, म्हणून वेशीपाशी एक तेलीआळी होती. त्या आळीत येसू तेलीण राहायची. घरात नवरा भैरू, नऊ वर्षांची लेक ठकू, आणि दारात लाकडी घाणा. घाण्याला एक बैल. बैल गोल फिरे, तिळाचं तेल निघे. येसू तेल विकी, भैरू पेंड विकी, ठकू बैलाशी गप्पा मारी. घरात श्रीमंती नव्हती, पण कोणाचं देणंही नव्हतं.

एके वर्षी काय झालं? बैल खाली बसला. भैरूनं शेपटी पिळली, उठला नाही. येसूनं गूळ दिला, उठला नाही. ठकूनं गळ्यात हात टाकले, तरी उठला नाही. बैल गेला. घाणा थांबला. मग येसूनं आणि भैरूनं जू आपल्या खांद्यावर घेतलं. दोन फेऱ्या झाल्या आणि भैरूची कंबर धरली.

भैरू म्हणाला, "खुशालशेटकडं जाऊन वीस रुपये घेऊन ये. नवा बैल आणू."

येसू म्हणाली, "धनी, सावकाराकडं मी जाऊ?"

"माझी कंबर धरलीय ना!"

कामाच्या वेळेला पुरुषाची कंबर कशी धरते, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. येसूनं पदर खोचला आणि निघाली.

खुशालशेट नगरातला मोठा सावकार. बोलणं मऊ, अंगरखा पांढराशुभ्र. त्याच्या ओटीवर चौरंग मांडलेला. चौरंगावर तांबड्या फडक्यात कर्जाचे कागद बांधून ठेवलेले. फडक्याला हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल, शेजारी उदबत्ती. येसूनं ते पाहिलं. तिला वाटलं, पोथीच आहे. तिनं पायांतल्या वहाणा आणखी लांब काढल्या.

मग कारकुनानं फडकं सोडलं आणि कागद वाचायला घेतला. कसा वाचला? पोथी वाचतात तसा, सुरात, मान डोलवत, दम न घेता. येसूनं हात जोडले. तिच्या घरची रीत होती, पोथी चालू असताना मध्ये बोलू नये, अर्थ विचारू नये, पुण्य उणं होतं. कारकून थांबला की ती "हूं" म्हणे. पहिल्या कलमाला हूं, दुसऱ्या कलमाला हूं, तिसऱ्या कलमाला हूं. आत्ता तुम्ही करताय ना, अगदी तसंच. मग तिनं अंगठा दिला. खुशालशेटनं हातावर खडीसाखर ठेवली. तिनं ती डोळ्यांना लावली, कागदाला नमस्कार केला आणि वीस रुपये घेऊन घरी आली.

नवा बैल आला. घाणा फिरू लागला. दर पंधरवड्याला सावकाराचा माणूस माप घेऊन येई आणि तेल घेऊन जाई. पहिलं वर्ष सरलं. येसूनं विचारलं, "शेटजी, किती फिटलं?" शेटजी म्हणाले, "अजून तीस बाकी." येसूला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. दुसरं वर्ष सरलं. "शेटजी, किती फिटलं?" "अजून साठ बाकी." येसूला वाटलं, आपण मोजण्यात चुकलो. तिसरं वर्ष सरलं. ती विचारायला जायच्या आधी सावकाराचा माणूसच दारात आला. म्हणाला, "शंभर बाकी. मुदत सरली. येत्या अमावास्येला ठकूला धुऊनपुसून तयार ठेव. शेटजींच्या घरी राबायला यायचंय. पैसे फिटले की परत येईल. कागदात तसं आहे, तू हूं म्हणालीस, तुझा अंगठा आहे."

येसूच्या हातातलं तेलाचं भांडं तिथंच सांडलं. ठकू मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं, आणि आपली चिंध्यांची बाहुली पेंडीच्या पोत्याआड लपवून आली, ती तरी कोणी नेऊ नये म्हणून.

मग येसू काय करते? नवऱ्याकडं गेली. "धनी, आपली ठकू चालली." भैरू म्हणाला, "काय करणार? कपाळी लिहिलंय." मग शेजारच्या गोदीकडं गेली. गोदी म्हणाली, "आमची थोरली अशीच गेली की गं. सटवाईनं पाचवीला लिहिलं, ते कोणाला चुकलंय?" मग देवळातल्या गुरवाकडं गेली. गुरव म्हणाला, "सटवीचा लेख, बाई. ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही." आणि तेल आणलंयस का, म्हणून विचारलं.

येसू देवळाबाहेर आली. आधी रडली. रडून झाल्यावर तिला राग आला. आणि राग कोणाचा? सावकाराचा नव्हे, नवऱ्याचा नव्हे. सटवाईचा. बाई, पाचवीला तुझ्यापुढं कोरा कागद ठेवला, लेखणी ठेवली, घुगऱ्या ठेवल्या, आणि तू माझ्या लेकीच्या कपाळी हे लिहिलंस? थांब, येतेच. भर दुपारी तरातरा चालत ती वेशीबाहेर गेली. तिथं बाभळीखाली सटवाईचं ठाणं, शेंदूर लावलेले दगड. दगडांशेजारी एक म्हातारी बसली होती. केस पांढरे, बोटं शाईनं काळी.

म्हातारी म्हणाली, "पोरी, पोरी, कोणाशी भांडायला आलीस?"

"सटवाईशी. तिनं माझ्या लेकीच्या कपाळी सावकाराची चाकरी लिहिली."

"कोणी लिहिली?"

"सटवाईनं."

म्हातारी ताडकन उठली. "मी? मी लिहिली? अगं, तो कागद खुशालशेटच्या कारकुनानं लिहिला, दुपारचं जेवण झाल्यावर, ढेकर देत! कोणाचंही अक्षर माझ्या नावावर खपवता काय गं तुम्ही? बैल मेला, ते माझं. भैरूची कंबर, ती त्याची. पण ती तिन्ही कलमं माणसाची आहेत. मी लिहिलेलं टळत नाही. माणसानं लिहिलेलं टळतं."

येसूनं ओळखलं. पाय धरले. म्हणाली, "आई, चुकले. पण मी तर हूं म्हटलं. अंगठाही देऊन बसले."

"कळून म्हटलंस का?"

"नाही. पोथी समजून म्हटलं."

सटवाई म्हणाली, "हीच तर खोड. तुला एक वसा सांगते. घेशील?"

"घेईन."

"उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. देण्याघेण्याचा कागद समोर आला की हात जोडू नयेत. मुठीत तीळ घ्यावेत. एकेका कलमाला विचारावं, 'म्हणजे काय?' कळलं तर एक तीळ खाली ठेवावा. नाही कळलं तर पुन्हा विचारावं. समोरचा रागावला तरी विचारावं, हसला तरी विचारावं, 'एवढंही कळत नाही का' म्हणाला तर दोनदा विचारावं. मुठीत तीळ असेपर्यंत मूठ सोडू नये. मूठ झाकलेली असली की अंगठा कसा देशील?"

"आणि दिलेला अंगठा?"

"त्यालाही तोड आहे. राणीच्या देवघरात तिच्या आजेसासूनं कोरून घेतलेला तांब्याचा पत्रा आहे. कर्ज काढणाऱ्यांच्या राखणीसाठी केलेला कायदा आहे तो. तिथं जा. आणि येताना मला घुगऱ्या आण. नुसती भांडायला येतेस!"

मग येसूनं मुठीत तीळ घेतले आणि राजवाड्यावर गेली. राजा मोहिमेवर होता, कारभार राणी पाही. दारावर द्वारपाल. येसू म्हणाली, "सावकाराच्या कागदाची दाद मागायचीय." द्वारपाल म्हणाला, "कागदावर अंगठा आहे ना? मग झालं." येसूनं विचारलं, "झालं म्हणजे काय?" द्वारपालानं डोकं खाजवलं. त्याला सांगता येईना. तो कारभाऱ्याला विचारायला आत गेला. कारभारी म्हणाला, "तिला सांग, करार तो करार." द्वारपाल बाहेर आला. येसूनं विचारलं, "म्हणजे काय?" द्वारपाल पुन्हा आत. आता कारभाऱ्याला सांगता येईना. त्यानं शास्त्रीबुवांना विचारलं. शास्त्रीबुवांनी एक श्लोक म्हटला. द्वारपालानं तो अर्धा विसरून बाहेर येऊन सांगितला. येसू म्हणाली, "म्हणजे काय?" असं करता करता राणी झोपेतून उठली. म्हणाली, "मघापासून 'म्हणजे काय' कोण विचारतंय? तिला आत आणा."

येसू आत गेली. सगळं सांगितलं. राणी म्हणाली, "पत्रा आहे खरा. रोज पूजा करते मी त्याची." आणला पत्रा. पाहते तो काय? तीन पिढ्यांचं हळदकुंकू चढून त्याचं ढेकूळ झालेलं. एक अक्षर दिसेल तर शपथ. येसूनं पत्र्याकडं पाहिलं, मग राणीकडं पाहिलं. राणीचे कान लाल झाले. तिनं चिंच मागवली, राख मागवली, आणि दासीला बाजूला सारून पत्रा आपल्या हातानं घासला. हळू हळू अक्षरं वर आली. राणीनं वाचली. वाचून झाल्यावर पत्रा पदराला पुसला. मग म्हणाली, "खुशालशेटला कागदासकट बोलवा. आणि तेलीआळीतल्या सगळ्यांना बोलवा."

अमावास्येच्या आदल्या सकाळी दरबार भरला. खुशालशेट आला. चौरंग घेऊन आला, फडकं घेऊन आला, उदबत्तीही घेऊन आला. राणी म्हणाली, "उदबत्ती विझवा. कागद वाचा."

कारकुनानं सूर लावला. "सदरहू रकमेचें व्याजाऐवजीं दर पंधरवड्यास तेल, धनकोचे मापें व धनको ठरवील त्या भावें, जमा करीत जावें."

येसूच्या मुठीत तीळ होते. ठकू तिच्या लुगड्याला धरून उभी होती. येसू म्हणाली, "म्हणजे काय?"

कारकून म्हणाला, "म्हणजे तेच, जे वाचलं."

"ते कळलं नाही. म्हणजे काय?"

खुशालशेट मऊ आवाजात म्हणाला, "म्हणजे तेल मी माझ्या मापानं घेणार आणि भाव मी सांगेन तो."

राणीनं ते माप आणवलं. नगराच्या मापाशेजारी ठेवलं. सावकाराचं एक माप भरलं, ते नगराच्या मापात ओतलं. नगराचं दीड माप झालं. तेलीआळीत कुजबुज सुरू झाली. येसूनं एक तीळ खाली ठेवला. कळलं ना आता.

कारकुनानं पुढं वाचलं, आता सूर जरा उतरला होता. "न फिटलेलें व्याज दर अमावास्येस मुद्दलांत मिळवोन अवघें मुद्दल समजावें."

"म्हणजे काय?"

"म्हणजे व्याजावर व्याज," शेटजी म्हणाले.

"मग ते फिटणार कधी?"

शेटजी हसले. "बाई, तेलाचा भाव माझ्या हाती. तेव्हा ते..." आणि थांबले. पुढचं बोलायचं नव्हतं.

येसू म्हणाली, "तेव्हा ते म्हणजे काय?"

शेवटी कारकूनच हळू म्हणाला, "म्हणजे ते फिटत नाही." येसूनं दुसरा तीळ खाली ठेवला.

तिसरं कलम कारकुनानं सुरात वाचलंच नाही. "मुदतींत फेड न जालियास ऋणकोचे घरचें मूल धनकोचे घरीं चाकरीस राहील, फेड होई तों."

येसूनं हात मागं नेऊन ठकूला घट्ट धरलं. दरबार तिच्याकडं बघत राहिला. मग कोण बोललं? ठकू. लुगड्यामागून डोकं काढून म्हणाली, "फेड होई तों म्हणजे काय?"

कारकुनानं खुशालशेटकडं पाहिलं. खुशालशेटनं मापाकडं पाहिलं. राणी म्हणाली, "सांगा तिला. आत्ताच तुमचा कारकून म्हणाला, ते फिटत नाही. मग फेड होईपर्यंत म्हणजे किती दिवस? या पोरीला तिच्या तोंडावर सांगा."

खुशालशेट विझलेल्या उदबत्तीची राख झाडू लागला. गोदी मागं हुंदके देऊन रडायला लागली. तिची थोरली अशीच गेली होती.

पण खुशालशेट म्हणजे काही कच्चा गडी नव्हे. त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "राणीसाहेब, कलमं कडक असतील. पण हिनं हुंकार दिला, हात जोडले, अंगठा दिला. पाच माणसं साक्षीला होती. पैसे घेताना कागद गोड, देताना कडू? असे कागद मोडायला लागलात तर उद्या अडल्यानडल्याला कर्ज देणार कोण?"

बोलणं खोटं नव्हतं. राणी येसूकडं वळली. "यावर काय म्हणतेस?"

येसू म्हणाली, "बाईसाहेब, वीस रुपये मी घेतले. बैल आणला. नाही म्हणेन तर माझी जीभ झडो. ते द्यायचे, वर व्याज द्यायचं, ते मी देते. पण लेक द्यायची असं मला कोणी सांगितलंच नाही. मी पोथीला हूं म्हटलं. लेकीला हूं म्हटलं नाही."

मग राणी उठली. तांब्याचा पत्रा हातात धरला आणि मोठ्यानं वाचला. पत्र्यावर काय होतं? समजावून न सांगता घेतलेला अंगठा, तो अंगठा नव्हे. व्याज मुद्दलाएवढं झालं की तिथं थांबेल, पुढं एक कवडी चढणार नाही. माणूस गहाण पडत नाही, पाडून घेणाऱ्याचा करार पहिल्या अक्षरापासून रद्द.

राणीनं विचारलं, "कळलं का सगळ्यांना?" सगळे म्हणाले, "हूं." राणी म्हणाली, "हूं नको. कोणी तरी विचारा." तेव्हा गोदी डोळे पुसत पुढं आली. म्हणाली, "म्हणजे काय?"

राणी म्हणाली, "म्हणजे तुझी थोरली आज संध्याकाळी घरी जेवायला येईल."

मग नगराच्या मापानं हिशेब झाला. विसाचे चाळीस येसूनं दुसऱ्या वर्षीच फेडले होते. पुढचं तेल सावकाराकडून परत आलं, घरात भांडी पुरेनात. खुशालशेटला राणीनं काय शिक्षा केली? सावकारी बंद केली नाही. नवं माप दिलं, फडकं काढून घेतलं आणि सांगितलं, कागद करायचा तो चौकात, लोकांपुढं, साध्या बोलीत समजावून करायचा. खुशालशेटला ती शिक्षा फाशीपेक्षा जड गेली. पण हळू हळू सवय झाली. धंदाही चालला, पूर्वीपेक्षा थोडा बारीक.

दिवस गेले. येसूचा एक घाणा होता, त्याचे तीन झाले. भैरूची कंबर आपोआप बरी झाली. आळीत येसूला मान आला, येसूबाई झाली. आणि एक दिवस गोदी दारात आली. "येसूबाई, दहा रुपये हवेत. छपराची लाकडं मोडलीत." येसूनं कागद करून घेतला. कागदात लिहिलं होतं, मुदत चुकली तर गोदीच्या परसातली विहिरीची वाट येसूची. गोदीनं कागद पाहिला आणि हात जोडले. येसूला दिसलं. तिच्या मनात आलं, सांगावं. मग मनात आलं, तिनं विचारलं का? नाही ना. असू दे. गोदीनं अंगठा दिला. येसूनं तिच्या हातावर खडीसाखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी घाणा फिरला, तेल निघेना. तीळ बदलले, निघेना. बैल बदलला, निघेना. घाणा बदलला, तरी निघेना. सकाळपासून नुसती कोरडी पेंड. येसू कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "काय गं बाई, काय लिहिलंय कपाळी!"

ठकू आता मोठी झाली होती. तीळ पाखडता पाखडता ती म्हणाली, "आई, काल गोदीमावशीच्या कागदात लिहिलंस, विहिरीची वाट. म्हणजे काय?"

येसू तशीच उठली. कागद घेऊन धावत गोदीच्या घरी गेली. म्हणाली, "गोदे, हात जोडू नको, मूठ कर. तीळ घे. मुदत चुकली तर पाणी भरायलाही तुला मला विचारावं लागेल, असं मी लिहिलंय. आता मला काय बोलायचं ते बोल." गोदीनं ऐकलं. आधी चार शिव्या दिल्या, मग मिठी मारली. ते कलम खोडलं, दहा रुपये तसेच राहिले. येसू घरी आली तो घाण्यातून तेलाची धार लागलेली. तिनं सटवाईला घुगऱ्या नेल्या. सटवाई म्हणाली, "उतलीस ना?" येसू म्हणाली, "उतले, आई." सटवाई म्हणाली, "बस, खा दोन घास."

पुढं ठकूचं लग्न झालं. तिला लेक झाली. पाचवीच्या दिवशी पाटा मांडला, त्यावर कोरा कागद ठेवला, लेखणी ठेवली, घुगऱ्या ठेवल्या. दिवेलागणीला सटवाई आली. लेखणी घेतली आणि बाळाच्या कपाळावर लिहायला वाकली. आजवर सगळ्या बाया अशा वेळी डोळे मिटून हात जोडत. ठकूनं मूठ मिटली. मुठीत तीळ होते. म्हणाली, "आजी, काय लिहितेस? म्हणजे काय?"

सटवाईचा हात थांबला. जन्मापासून तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "तुझ्या आईला वसा दिला, तो माझ्याच अंगावर आला!" आणि हसली. मग तिनं बाळाच्या कपाळावर अर्धी ओळ लिहिली आणि अर्धी कोरी सोडली. लेखणी कागदावर ठेवली, घुगऱ्या पदरात घेतल्या आणि गेली.

जशी सटवाई येसूला पावली, ठकूला पावली, गोदीच्या थोरलीला पावली, तशी तुम्हां आम्हां, आणि आज पाळण्यात आहे त्या बाळाला पावो. आई सटवाई, पाट्यावरचा हा कोरा कागद तुझा. बाकीचे आम्ही विचारून घेऊ. साठां उत्तरांतली ही पाचां उत्तरांची कहाणी सांगून झाली. उरलेली पंचावन्न उत्तरं ज्याच्या हाती कागद असेल त्याच्याकडून मागून घ्यावीत, म्हणजे कहाणी सुफळ, संपूर्ण.

आता बायांनो, ज्यांना कळली त्यांनी तीळ खाली ठेवा.